पान उचलायचं नाही, चित्र न्यायचं: मुलांना घेऊन कर्नाळ्यात

परवा भाजी घेताना शेजारच्या सोसायटीतल्या एका आईने गाठलं. "तुम्ही मुलांना कर्नाळ्याला नेऊन चित्रं काढून घेतलीत ना, ते नेमकं जमवलंत कसं? परवानगी लागते का?" हातात कोथिंबिरीची जुडी धरून सांगता सांगता वीस मिनिटं गेली आणि निम्मंही सांगून झालं नाही. म्हणून सगळं इथे लिहून ठेवते, माझ्या चुकांसकट.

सुरुवात 24 नोव्हेंबरला झाली. माझी नऊ वर्षांची मुलगी गृहपाठाचं चित्र काढत बसली होती. तपकिरी खोड, त्यावर हिरवा ढग, खाली 'माझे आवडते झाड'. मी विचारलं, "कोणतं गं हे?" तर म्हणाली, "असंच. झाडाचं झाड." आमच्या खिडकीबाहेर चांगला भरलेला करंज आहे. खारघरसारख्या ठिकाणी ही चैनच म्हणायची. पण तो तिच्या चित्रात नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी नीट बघितला नव्हता.

त्या रात्री सोसायटीच्या पालकांच्या ग्रुपवर विचारलं, मुलांना एक दिवस जंगलात बसवून चित्रं काढायला लावू या का? तासाभरात सतरा अंगठे आले. अंगठा दाखवणं आणि कामाला हात लावणं यातला फरक पुढे कळायचाच होता. मी चित्रकार नाही, पक्ष्यांची जाणकार तर नाहीच. एका कंपनीत हिशेब लिहिते. त्यामुळे या लेखात आकडे जरा जास्त दिसतील, चालवून घ्या.

ठिकाणाबद्दल फार वाद झाला नाही. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. राज्यातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य, 1968 सालचं. क्षेत्रफळ 12.11 चौरस किलोमीटर, आणि मधोमध किल्ल्याचा तो उभा सुळका. लांबून कुणीतरी अंगठा वर केल्यासारखा दिसतो. (ग्रुपवरच्या सतरा अंगठ्यांपेक्षा पक्का.)

डिसेंबर वाया गेला. एका शाळेने आधी "आमच्या नावाने करा, आम्ही बस देतो" असं सांगितलं होतं. तीन आठवडे मी त्यांच्या निरोपाची वाट बघत बसले. 4 जानेवारीला फोन आला, परीक्षांचे दिवस आहेत, शिक्षक मोकळे नाहीत, जमणार नाही. त्यांचीही अडचण खरी असेल, पण तोंडी होकारावर तीन आठवडे काढणं ही माझीच चूक. मग ठरवलं, सोसायटीतले पालक म्हणूनच जायचं. मुलं 22, वय 7 ते 12, आणि मोठी माणसं पाच.

नुसतं फिरायला जायचं असेल तर फाटकावर तिकीट काढून आत जाता येतं. पण आम्ही गट घेऊन जाणार, एका जागी दोन-तीन तास बसणार, कागद-रंग पसरणार, म्हणून लेखी अर्ज द्यायचं ठरवलं. 9 जानेवारीला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने पहिला अर्ज दिला. भाषा मी फार सजवली होती. 'मुले परिसरातील पाने, फुले व बिया गोळा करून त्यांपासून सुंदर कोलाज तयार करतील' असं वाक्य होतं. आठवड्याने बोलावणं आलं. टेबलावर माझा अर्ज होता आणि त्या वाक्याला पेनाने गोल केलेला होता.

"मॅडम, हे नाही चालणार."

"गळून पडलेलीच घेणार आहोत सर. तोडणार नाही काहीच."

"गळालेलं पानही इथलंच असतं ना. बाहेर नाही नेता येत."

घरी येऊन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 29 वाचलं. अभयारण्यातून वनोपज हलवायला परवानगी लागते, आणि वनोपजात पान, फूल, बी सगळं येतं. सहलीत खिशात बिया भरून आणणारी मी, त्या रात्री जरा ओशाळलेच. शिवाय सगळा कार्यक्रमच कोलाजवर उभा होता. पानं नाहीत, फुलं नाहीत, मग मुलं करणार काय?

त्याआधीच्या रविवारी, 12 तारखेला, आम्ही तिघं पालक जागा बघून आलो होतो. तिथे काय बघितलं ते आता नव्याने आठवायला लागलं. आत दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियालची वाट सोपी, लहान मुलांना झेपेल अशी. वाटेवर ऐनाची झाडं होती. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं, चौकोन चौकोन तडकलेलं. त्याच्या शेजारी नाणा नावाचं झाड, हात फिरवला तर गुळगुळीत. आमच्यातल्या एका बाबांना पक्ष्यांचं वेड आहे. ते म्हणाले, "खोडावर कागद ठेवून खडू घासला तर? नाण्यावर आपण नाही का करायचो, एक रुपयाचं?" लहानपणी वहीखाली नाणं ठेवून पेन्सिल घासलेली नाही असा माणूस विरळाच. तिथे कार्यक्रम फिरला. उचलायचं काहीच नाही, कागदावर घेऊन यायचं.

20 जानेवारीला दुसरा अर्ज दिला. यात फक्त कामाचं लिहिलं. तारीख, येण्या-जाण्याच्या वेळा, मुलांची नावं आणि वयं, जबाबदार पालकांचे फोन, आधारच्या प्रती, प्रत्येक मुलाच्या पालकाचं सहीचं संमतिपत्र, आणि एक हमीपत्र: ध्वनिवर्धक नाही, आगपेटी नाही, किल्ल्यावर जाणार नाही, वनस्पती गोळा करणार नाही, कचरा आणि रंगाचं पाणी परत नेऊ. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पुढे प्रत्येक फोनला "कोणता अर्ज?" हा प्रश्न येतो आणि तो क्रमांक सांगितला की बोलणं लगेच पुढे सरकतं. 3 फेब्रुवारीला होकार मिळाला. दोन आठवडे लागले. तुम्ही निदान महिनाभर हाताशी ठेवा.

त्या दोन आठवड्यांत, 25 जानेवारीला, जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली. वन खात्यातल्या नोकरीत त्यांनी कर्नाळ्यातही काम केलेलं. आम्ही जाणार तिथेच, म्हणून मुलांना त्यांच्याबद्दल सांगितलं. कावळ्यांच्या वसतीला त्यांनी 'काकागार' हा शब्द दिला, हे ऐकून एका मुलाने लगेच आमच्या पार्किंगला 'स्कूटरागार' नाव दिलं. मग ठरलं की जंगलात दिसलेल्या रंगांना नावं आपण द्यायची. तयार रंगपेटीतली नावं वापरायची नाहीत.

8 फेब्रुवारीला गच्चीवर रंगांची तयारी केली. विकतचे जलरंग नकोच होते. एकतर त्यांच्या डब्या, पट्ट्या सगळं प्लास्टिक, आणि ते पाणी जंगलात सांडलं तर काय, ही धास्ती. म्हणून हळद, गेरू, कोळशाची पूड आणि गोकर्णाची वाळलेली फुलं गरम पाण्यात भिजवून केलेला निळा. हळदीत चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि ती लालसर झाली, तेव्हा गच्चीवर जो आरडाओरडा झाला त्याने तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर आले. चुन्याने रंग जास्त छान उठतो, पण चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर भाजतं. गोकर्णाच्या निळ्यात लिंबू पिळलं की जांभळा. हिरव्यासाठी मी पालकाचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला होता. तो आठवड्यात तपकिरी झाला आणि वास असा सुटला की नवऱ्याने बाटली न उघडताच बाहेर नेली. हिरवा शेवटी हळद आणि गोकर्णातूनच आला. जरा मरगळलेला, पण जंगलातला हिरवाही फेब्रुवारीत तसाच असतो.

14 तारखेला संध्याकाळी सात वाजता बसवाल्याचा फोन. लग्नसराई आहे, गाडी अडकली. आगाऊ दिलेले दोन हजार "पुढच्या वेळी वळते करू". रात्री साडेदहापर्यंत सहा ठिकाणी फोन केले. शेवटी सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या भाच्याने 25 आसनांची गाडी मिळवून दिली, 6,500 रुपयांत. आम्ही सगळे मिळून सत्तावीस, म्हणून मोठे दोघं स्वतःच्या गाडीने आले. बसचा सौदा लेखी करा. निदान मेसेजवर तरी तारीख, वेळ, रक्कम लिहून घ्या.

15 फेब्रुवारी, शनिवार. सहाला निघायचं ठरलं, सहा पंचवीसला निघालो. पळस्पे फाटा मागे पडला, शिरढोण आलं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे गाव, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. हे सांगितल्यावर सगळी बस उजवी-डावी खिडक्यांना चिकटली आणि सुळका आधी कुणाला दिसतो यावर भांडण सुरू झालं.

फाटकावर प्लास्टिकची मोजदाद होते आणि अनामत ठेवावी लागते. आम्ही ऐकून होतो, म्हणून स्टीलच्या बाटल्या, पोहे स्टीलच्या डब्यांत, रंग हळदीकुंकवाच्या जुन्या वाट्यांत. तरी मोजणी झाली तेव्हा चौदा वस्तू निघाल्या. खिशातली बिस्किटाची वेष्टणं, एक शार्पनर, औषधाची बाटली. सगळं वहीत लिहिलं गेलं. तिथल्या वनरक्षकदादांनी मुलांना दोनच गोष्टी सांगितल्या. माकडासमोर खाऊ काढायचा नाही, आणि कुणी अत्तर किंवा स्प्रे मारून आलं असेल तर मोठ्यांजवळ राहायचं, सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. आमच्यातल्या एका बाबांनी गुपचूप मान खाली घातली.

पहिला तास माझ्या कार्यक्रमाप्रमाणे पक्षी बघून चित्र काढण्याचा होता. पूर्ण फसला. पक्षी बसतच नाहीत हो! स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरी लांब शेपूट हलवत या फांदीवरून त्या फांदीवर गेला, आणि बावीस मुलांपैकी अठरा जणांनी "कुठे? कुठे?" म्हणेपर्यंत नाहीसा झाला. बघितलं त्यांना काढता येईना, न बघितलेले रडकुंडीला आले. दहा मिनिटांत दोघांनी आपला ठरलेला पोपट काढून टाकला, लाल चोचीचा, तिथे नसलेला.

मग पक्षीवेड्या बाबांनी सगळ्यांना खाली बसवलं. डोळे मिटा. कागदाच्या मधोमध एक टिंब काढा, ते तुम्ही. ज्या बाजूने आवाज येईल त्या बाजूला खूण करा, आवाज जसा वाटेल तशी. मी आधी साशंक होते, पण सात-आठ मिनिटं एकही मूल बोललं नाही. तांबटाच्या टुक् टुक्ला कुणी ठिपक्यांची रांग केली, कुणी हातोडी. सातभाईंच्या कलकलाटाला एका मुलीने गुंतवळ काढली. भृंगराज एकटाच चार पक्ष्यांचे आवाज काढत होता, त्यामुळे एकाच्या कागदावर एकाच दिशेला चार वेगळ्या खुणा. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर एका बाजूला एक जाड काळा पट्टा होता. तो महामार्ग, ट्रक आणि हॉर्न. मला आत बसल्यावर तो ऐकूच येईनासा झाला होता, कानाला सवय. मुलांनी मात्र तो कोळशाने दाबून दाबून भरला. दहा वर्षांच्या एका मुलाने त्या पट्ट्यावर लिहिलं, 'इथून पुढे पक्षी नाही'.

खोडांचे ठसे हा दिवसातला सगळ्यात जमलेला भाग. कागद एकाने धरायचा, दुसऱ्याने मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. ऐनावर वर्तमानपत्राचा कोरा कागद टराटरा फाटला. आम्ही थोडा बटर पेपर नेला होता म्हणून निभावलं. तुम्ही तोच न्या. सागाच्या खोडाच्या उभ्या रेघा सुरेख येतात. नाणा झाडाच्या खोडावर काहीच येत नाही, नुसता धूसर डाग, आणि तो कोरा ठसा बघून मुलं जास्त चकित झाली. माझ्या मुलीने तीन ठसे शेजारी लावले आणि नावं विचारून घेतली. 'झाडाचं झाड' एकही नव्हतं.

निळ्या टोपीतला एक आठ वर्षांचा मुलगा बाजूला बसला होता. "मला चित्र येत नाही" असं त्याने बसमध्येच जाहीर केलं होतं. मी दोनदा समजावायला गेले, आणि आता वाटतं, नसते गेले तर बरं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो पालथा पडून मुंग्यांची ओळ बघत होता आणि पेन्सिल कागदावर सरकत होती. मुंगी वळली की रेघ वळायची. मुंगी थांबली की तिथे टिंब. कागदाकडे त्याचं लक्षच नव्हतं. अर्ध्या तासात दोन्ही बाजू भरल्या. जवळून बघितलं तर गिचमिड. पण त्याने बोट ठेवून मला सांगितलं, इथे दगड होता, इथे दोघी भेटल्या, इथे एक परत गेली.

काटेसावर फुलली होती. वाटेच्या कडेला लालबुंद फुलं पडलेली. उचलायची नाहीत हे मुलांना पाठ होतं, पण हात शिवशिवत होते. शेवटी दादांनाच विचारलं, जागच्या जागी मांडून ठेवली तर? ते म्हणाले, इथेच राहणार असतील तर मांडा. झाडाखालीच गोल रांगोळी झाली, मध्ये फुलं, भोवती वाळकी पानं, बाहेर काड्यांची किरणं. पाऊण तास त्यात गेला. फोटो काढून आम्ही हात धुवायला वळलो आणि मागे सळसळ झाली. एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून उतरली, रांगोळीच्या मधोमध बसली आणि शांतपणे एकेक फूल उचलून खायला लागली.

मुलं आधी ओरडली, मग हसत सुटली. फक्त सर्वांत धाकटी गंभीरपणे म्हणाली, "तिला वाटलं आपण वाढलंय."

रंगांची नावं जेवणाआधी झाली. कागदावर सहा चौकोन, प्रत्येकात समोर दिसणारा एक रंग वाट्यांतून जुळवायचा आणि त्याला नाव द्यायचं. 'माकडिणीच्या पोटाचा पांढरा', 'वाळकं पान पण आतून', 'मला सापडला नाही असा हिरवा'. रंगाचं पाणी आम्ही दुधाच्या किटलीत भरून परत आणलं. बावीस मुलांचं मिळून तीन लिटर निघालं.

परतताना फाटकावर वस्तू मोजल्या तर तेरा. चौदावी शोधायला वीस मिनिटं लागली. ती शार्पनरची टोपी होती, एकाच्या बुटात. "मला टोचत होतं सकाळपासून," तो म्हणाला. अनामत परत मिळाली.

हिशेब असा. बस 6,500. पोहे, केळी, चहा 1,450. कागद आणि पुठ्ठे 1,180. खडू, कोळसा, गोकर्ण वगैरे 455. फाटकावरचं आणि किरकोळ 1,655. एकूण 11,240. प्रत्येक मुलामागे 500 घेतले होते, म्हणजे 240 कमी पडले, ते मी घातले. पहिल्या बसवाल्याकडचे दोन हजार यात धरलेले नाहीत. ते अजून 'पुढच्या वेळी'मध्येच आहेत. फाटकावरचे दर बदलतात, जायच्या दिवशीचा फलक बघा. पुठ्ठा प्रत्येकी एक न्याच, मांडीवर ठेवून काढायला, नाहीतर कागद चुरगळतात. पुढच्या वेळी मी पंधराच मुलं नेईन. बावीस जणांवर लक्ष ठेवण्यात मला स्वतःला एक रेघही काढता आली नाही.

22 फेब्रुवारीला सोसायटीच्या लॉबीत दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगली. निळ्या टोपीवाल्याची मुंग्यांची रेघ दारापाशीच होती. दूधवाले दादा रोज तिच्यासमोर थांबायचे आणि बोटाने एक मुंगी शेवटपर्यंत नेऊन बघायचे. लॉबीत सकाळचं ऊन येतं. हळद उन्हाला टिकत नाही हे मला माहीत होतं, चित्रं लावताना सुचलं नाही. दहा दिवसांत सगळे पिवळे चौकोन फिके पडले, काही कोरेच झाले. मी उतरवायला गेले तर धाकटी शिडीखाली पेन्सिल घेऊन उभी होती. कुणाकुणाच्या कोऱ्या चौकोनांत तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'इथे पिवळा होता'.